हॉटेलचे दायित्व

मोबदला घेऊन निवासाची वा भोजनाची सोय करणाऱ्या हॉटेलवर पाहुण्याच्या जिवाची आणि सामानाची जी जबाबदारी कायद्याने येते, तिला हॉटेलचे दायित्व म्हणतात. भारतात ती एकाच कायद्यात सापडत नाही. करार अधिनियम (१८७२), ग्राहक संरक्षण अधिनियम (२०१९), राज्यांचे अग्निसुरक्षा कायदे आणि न्यायालयांचे निकाल मिळून ती ठरते.

सामानाबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निकाल एका चोरीला गेलेल्या गाडीचा आहे. १ ऑगस्ट १९९८च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात आलेल्या पाहुण्याने आपली मारुती झेन व्हॅले पार्किंगसाठी किल्लीसह कर्मचाऱ्याकडे दिली. तो परतला तेव्हा ती तिऱ्हाइतांनी पळवलेली होती. विमा कंपनीने २.८० लाख रुपये दिले आणि हॉटेलविरुद्ध दाद मागितली. पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापले होते, हाच हॉटेलचा मुख्य बचाव. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. किल्ली हाती घेतली की गाडी ‘निक्षेप’ म्हणून, म्हणजे सांभाळून परत करण्यासाठी सोपवलेली वस्तू म्हणून, हॉटेलच्या ताब्यात येते, मग आपला निष्काळजीपणा नव्हता हे हॉटेलनेच दाखवायचे. पार्किंग ‘मोफत’ म्हटले तरी त्याचा खर्च खोलीभाड्यात आणि जेवणाच्या बिलात धरलेला असतो, असेही न्यायालयाने मानले. छापील सूचनेने स्वतःचा हलगर्जीपणा झाकता येत नाही, ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला ठाऊक हवी. मात्र चूक असो-नसो भरपाई द्यायचीच, हा इंग्लंडमधील सरायमालकांचा जुना कडक नियम न्यायालयाने स्वीकारला नाही.

शारीरिक इजेच्या बाबतीत वाट अधिक बिकट आहे. १९७२ साली दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या तरणतलावात सूर मारताना एका जर्मन सहवैमानिकाचे डोके तळावर आपटले आणि त्याचे हातपाय लुळे पडले. १९७५ला दावा दाखल झाला, १९८५मध्ये तो वारला आणि ५० लाख रुपयांच्या भरपाईचा निकाल आला १९९७मध्ये. जितके दर चढे तितकी काळजीही मोठी, हे त्या निकालाचे सूत्र होते. पण वादीच्या मृत्यूबरोबर दावा संपला, या मुद्द्यावर तो अपिलात टिकला नाही. पंचवीस वर्षांचा हा विलंब क्रूरच म्हणावा लागेल.

आगीबाबत जबाबदारी दुर्घटनेआधीच सुरू होते. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीच्या करोल बागेतील हॉटेल अर्पित पॅलेसच्या आगीत १७ जण दगावले. महाराष्ट्राच्या २००६च्या अधिनियमानुसार मालक वा भोगवटादाराने अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करायचे असते.

सेवेतील त्रुटीची तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. २०१९च्या अधिनियमामुळे ती तक्रारदाराच्या राहत्या जिल्ह्यातही दाखल होते. गोव्याच्या हॉटेलात सामान गेलेल्या सोलापूरकराला त्यासाठी पुन्हा गोव्याला जावे लागत नाही.