सेडलेकच्या अस्थिगृहाबद्दल खुलासा

सेडलेकच्या अस्थिगृहातील, म्हणजे चर्चमधील हाडे ठेवण्याच्या जागेतील, हाडांच्या झुंबराचे एक छायाचित्र ‘शत्रूंची कत्तल करून बांधलेले चर्च’ अशा मजकुरासह सोलापुरातील व्हॉट्सॲप गटांवर वर्षानुवर्षे फिरत आहे; तो मजकूर खोटा आहे. चेक प्रजासत्ताकातील सेडलेकची दफनभूमी चौदाव्या शतकातील प्लेगने आणि पुढे पंधराव्या शतकातील हुसाइट युद्धांनी (तेथील धार्मिक लढायांनी) भरून गेली, तेव्हा नव्या दफनांना जागा करण्यासाठी जुनी हाडे उकरून अस्थिगृहात रचण्यात आली. चंद्रभागेत विसर्जन होईपर्यंत अस्थी जपून ठेवणाऱ्या आपल्या लोकांनी त्या मृतांची अशी बदनामी पुढे पाठवावी, हे क्लेशदायक आहे. झुंबर तर बरेच नंतरचे. श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याच्या सांगण्यावरून काष्ठशिल्पी फ्रांटिशेक रिंट यांनी १८७० मध्ये ही मांडणी केली आणि भिंतीवर स्वतःचे नावही हाडांनीच लिहिले.