फ्यूज-ब्रेकरची जुळणी: सिलेक्टिव्हिटी वेगळी, बॅकअप वेगळा

इमारतीचा लोड वाढला आणि ५०० केव्हीएच्या जागी १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवायचं ठरलं, की मेन पॅनल, बसबार, केबल सगळ्यांचे अँपिअर नव्याने काढले जातात. मजल्यांवरचे डीबी (वितरण पेट्या) मात्र "त्यांचा लोड तोच आहे ना" म्हणून जुनेच राहतात. लोड तोच असतो, पण फॉल्ट लेव्हल, म्हणजे शॉर्टसर्किट झाल्यास वाहू शकणाऱ्या करंटची पातळी, बदललेली असते. ४०० व्होल्टला ५०० केव्हीए आणि साडेचार टक्के इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा अडथळा) धरला, तर ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलवर शॉर्टसर्किट करंट साधारण १६ किलोअँपिअर येतो. १००० केव्हीए आणि पाच टक्के धरले की तो २९ च्या घरात जातो. केबलमधून खाली येताना तो उतरतो हे खरं. तरीही ज्या डीबीपाशी आधी ९ किलोअँपिअर होते तिथे, मेन केबलही जाड घेतली असेल तर, १२ सहज भरतात. आणि आतल्या एमसीबीवर (छोट्या ब्रेकरवर) चौकटीत छापलेलं असतं १००००, म्हणजे एकट्याने तोडायची त्याची मर्यादा १० किलोअँपिअर.

मग कुणीतरी म्हणतं, वर, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला, एचआरसी (मोठा फॉल्ट तोडणारा) फ्यूज टाका, को-ऑर्डिनेशन (दोघांची जुळणी) होऊन जाईल. कुठलं को-ऑर्डिनेशन, हे विचारायचं राहून जातं.

सिलेक्टिव्हिटी, म्हणजेच डिस्क्रिमिनेशन, हवी असेल तर फॉल्ट ज्या सर्किटवर झाला त्याचाच ब्रेकर पडला पाहिजे आणि वरच्याने जागचं हलता कामा नये. बॅकअप, म्हणजे कॅस्केडिंग, याच्या उलट आहे. खालच्या ब्रेकरला तो फॉल्ट एकट्याने तोडता येत नाही हे मान्य करून वरच्याने मधे पडायचं असतं. फ्यूज अर्ध्या सायकलच्या आत वितळतो, करंटला त्याच्या शिखरापर्यंत पोचूच देत नाही, आणि एमसीबी फुटण्यापासून वाचतो. पण फ्यूज गेला म्हणजे अख्खा मजला अंधारात. एकाच फॉल्ट करंटला फ्यूजकडून या दोन्ही गोष्टी मिळत नाहीत. (काही एमसीसीबी, म्हणजे मोठा मोल्डेड-केस ब्रेकर, आणि एमसीबी यांच्या जोड्यांना कंपन्या दोन्ही देतात, पण ते त्यांच्या टेबलात छापलेलं असेल तरच खरं.)

गोंधळ होतो तो यामुळे, की तीच जोडी कमी फॉल्टला सिलेक्टिव्ह असते आणि मोठ्या फॉल्टला बॅकअप होते. समजा, वरचा १०० अँपिअरचा फ्यूज वितळायला २७,००० अँपिअर-वर्ग-सेकंद लागतात (ही आय-स्क्वेअर-टी: करंटचा वर्ग गुणिले वेळ, म्हणजे तापवणाऱ्या ऊर्जेचं माप). खालचा ३२ अँपिअरचा सी कर्व्ह (ट्रिप होण्याचा एक प्रकार) एमसीबी ३ किलोअँपिअरचा फॉल्ट तोडताना १८,००० पुढे जाऊ देतो. फ्यूज टिकला. तोच एमसीबी ६ किलोअँपिअरला ४०,००० जाऊ देत असेल, तर फ्यूज गेलाच. म्हणजे सिलेक्टिव्हिटीची हद्द या दोन्हींच्या मधे कुठेतरी संपली. "ही जोडी सिलेक्टिव्ह आहे" एवढंच कुणी सांगितलं, तर "किती किलोअँपिअरपर्यंत?" हा प्रश्न लगेच टाकावा.

हा आकडा नेहमीच्या टाइम-करंट कर्व्हवर (किती करंटला किती वेळात तुटेल हे दाखवणाऱ्या रेषेवर) दिसत नाही. दोन रेषा एकमेकींना शिवत नाहीत म्हणून ड्रॉइंग पास करणारे पुष्कळ आहेत. ०.०१ सेकंदाच्या खाली त्या रेषांवर भिस्त ठेवता येत नाही, आणि मोठे फॉल्ट तर तिथेच तुटतात. त्या भागात खालच्याची एकूण आय-स्क्वेअर-टी वरच्याच्या प्री-आर्किंग (वितळेपर्यंतच्या) आय-स्क्वेअर-टीपेक्षा कमी आहे का, एवढंच बघायचं.

फ्यूजवर फ्यूज असेल तर काम सोपं: १६ अँपिअरपासून पुढे दोन्ही जीजी (सर्वसाधारण वापराच्या प्रकारचे) असले आणि रेटिंगमधलं प्रमाण १.६ ला १ असलं, की पुरे. १०० च्या वर १६०. ब्रेकरवर ब्रेकर असेल तर वरच्या एमसीसीबीचं इन्स्टंटेनियस सेटिंग (ज्या करंटला तो न थांबता पडतो) बघा. ते १००० अँपिअरला असेल आणि फॉल्ट ३००० चा आला, तर टेबल वेगळं सांगत नसेल तोवर दोघंही पडतील असंच धरून चाला. वर एसीबी (मोठा एअर ब्रेकर) असेल तर शॉर्ट-टाइम डिले (पडण्याआधी थोडा थांबा) देता येतो, मात्र तेवढा वेळ तो करंट सोसण्याची त्याची आयसीडब्ल्यू क्षमता हवी.

बॅकअप मात्र कागदावर गणित करून ठरवायचा नाही. ब्रेकरच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०९४७-२ च्या परिशिष्ट ए मध्ये, दोन्ही प्रकारच्या जुळणीची चर्चा आहे. तिथे बॅकअपचा पाया चाचणी हाच आहे. म्हणून कंपनीच्या टेबलातली नेमकी जोडीच वापरायची. टेंडरमधलं "ऑर इक्विव्हॅलंट" इथे घातक ठरतं. दुसऱ्या कंपनीचा तितक्याच रेटिंगचा एमसीबी लावला की त्या चाचणीचा आधार संपला.

माझं मत विचाराल तर फायर पंप, लिफ्ट, इमर्जन्सी लाइट यांच्या वाटेवर बॅकअपचा विचारही करू नये. तिथे पूर्ण फॉल्ट लेव्हल एकट्याने तोडणारे ब्रेकर घ्या आणि वरच्याशी सिलेक्टिव्हिटी तपासा. साध्या दिव्यांच्या आणि सॉकेटच्या डीबीला बॅकअप चालतो, पैसेही वाचतात. पण डीबीच्या दारावर वरच्या फ्यूजचा प्रकार आणि रेटिंग लिहिलेलं हवं, नाहीतर १०० चा गेला आणि स्टोअरमध्ये १६० चाच होता, असं होऊन जुळणी मोडते. त्या डीबीवर तीन फेजची मोटर असेल तर आणखी एक पाहा: एकाच फेजचा फ्यूज गेला तर मोटर दोन फेजवर ओढत राहते, तेव्हा तिच्या स्टार्टरला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) आहे का?