पार्श्वभूमी : आजोबांचा पेच आणि शेजारची विश्वं

विज्ञानकथेत कालप्रवास आणि समांतर विश्वं आता जोडीनंच येतात. नायक भूतकाळात जातो, तिथं काहीतरी बदलतो, आणि ते भलतंच विश्व होतं असं शेवटी कळतं. प्रत्यक्षात या दोन कल्पना वेगवेगळ्या घरांत वाढल्या. कथाकारांनी त्यांची सोयरीक लवकर जुळवली, पण तिचं गणित बसायला 1991 साल उजाडलं.

एच. जी. वेल्सचं 'द टाइम मशीन' 1895 मध्ये आलं. त्यातला प्रवासी इ. स. 8,02,701 मध्ये पोचतो, आणि कथेत कुठलाही विरोधाभास उभा राहत नाही. भविष्यात गेल्यानं कार्यकारणाची साखळी तुटतच नाही. आपल्याकडच्या पुराणातला रेवतीचा पिता ककुद्मी ब्रह्मलोकी गाणं ऐकत थांबतो आणि पृथ्वीवर 27 चतुर्युगं उलटून जातात, त्यातही पेच नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्तानुसार काळ सगळीकडे सारख्या गतीनं सरत नाही, म्हणून त्याला हे मान्य आहे. 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सीझियमची आण्विक घड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या सुमारे 59 नॅनोसेकंद मागे पडली, म्हणजे तेवढी भविष्यात उतरली. पश्चिमेकडे गेलेली सुमारे 273 नॅनोसेकंद पुढे गेली.

खरी अडचण मागे जाण्यात आहे. 1930 नंतरच्या अमेरिकी विज्ञानकथा मासिकांनी ती चांगलीच पिंजून काढली. 1933 मधल्या नॅट शाखनरच्या एका कथेत भूतकाळात गेलेला माणूस एका हूणाला मारतो आणि त्या हूणाचे आजचे वंशज नाहीसे होतात. फ्रेंच लेखक रने बार्जावेलनं 1940 च्या दशकात याच धाग्यावर कादंबरी लिहिली. पेच असा : नातवानं आजोबांना त्यांच्या लग्नाआधी मारलं, तर नातू जन्मत नाही. इथं बरेच जण थांबतात आणि 'मग नातू नाहीसा होईल' असं उत्तर देतात. हे उत्तर अर्धवट आहे. नातू नाही, तर गोळी कोणी झाडली? कोणीच नाही. म्हणजे आजोबा वाचले आणि नातू पुन्हा जन्मला. 'हो' म्हटलं की 'नाही' निघतं, 'नाही' म्हटलं की 'हो'. पडद्यावर माणूस हळूहळू पुसट होताना दिसतो, त्यानं ही गाठ सुटत नाही.

दुसरा पेच जास्त सूक्ष्म आहे. रॉबर्ट हाइनलाइनच्या 1941 मधल्या 'बाय हिज बूटस्ट्रॅप्स' या कथेत नायकाकडे एक वही असते, अनोळखी भाषेतल्या शब्दांची. वापरून ती फाटत येते, म्हणून तो ती नव्या वहीत उतरवतो आणि जुनी टाकून देतो. पुढं त्याच्या लक्षात येतं की ही नवी वहीच आपल्या तरुण रूपाच्या हाती पडणार आहे. मग ते शब्द गोळा केले कोणी? लेखकाची नजर किती तीक्ष्ण आहे पाहा. वस्तू तशीच चक्रात फिरत राहिली असती, तर दर फेरीला झिजली असती आणि 'तीच' वही राहिली नसती. नक्कल करून घेतल्यानं कागदाचं चक्र तुटलं, माहितीचं मात्र कायम राहिलं. 1992 मध्ये लॉसेव्ह आणि नोविकोव्ह या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच भेद शोधनिबंधात मांडला. उगम नसलेल्या अशा गोष्टींना त्यांनी 'जिन' म्हटलं.

समांतर विश्वांचं मूळ निराळं. जून 1934 च्या 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मध्ये मरे लाइन्स्टरची 'साइडवाइज इन टाइम' आली. तिच्यात वेगवेगळ्या इतिहासांतले भूभाग एकमेकांच्या जागी येतात आणि अमेरिकेत रोमन सैनिक अवतरतात. तिथं मागंपुढं कोणी जात नाही, वाट आडवी आहे. भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेटचा पुंजवादावरचा, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या भौतिकीवरचा प्रबंध यानंतर 23 वर्षांनी, 1957 मध्ये आला, आणि भौतिकशास्त्रज्ञ ब्राइस डीविट यांनी 1970 मध्ये तो सर्वांपर्यंत पोचवला. एव्हरेटचं म्हणणं असं की पुंजकणाचं मोजमाप करताना अनेक शक्यतांपैकी एक उरून बाकीच्या मरत नाहीत, सगळ्याच आपापल्या फांदीत चालू राहतात. कथा लिहिणाऱ्यांची इथं दोन ठिकाणी गफलत होते. फांद्या माणसाच्या निर्णयानं फुटत नाहीत, त्यामागं पुंजपातळीवरच्या घटना असतात. आणि एकदा दुरावलेल्या फांद्यांत एरवी ये-जा नसते.

कालयंत्राचा आराखडा मिळाला तो एका कादंबरीमुळे. खगोलशास्त्रज्ञ आणि लेखक कार्ल सेगन यांना आपल्या नायिकेला ताऱ्यांपलीकडे पाठवायचं होतं. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना विचारलं, आणि थॉर्न यांनी कृष्णविवराऐवजी वर्महोल, म्हणजे अवकाशातल्या दोन जागा जोडणारं बोगदं, सुचवलं. त्यातूनच मॉरिस, थॉर्न आणि युर्ट्‌सेव्हर यांचा 1988 चा निबंध निघाला. कृती अशी : वर्महोलची दोन तोंडं घ्या, अ आणि ब. ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जेच्या पदार्थानं ती उघडी ठेवा. ब ला प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं दूर नेऊन परत आणा. समजा अ पाशी 10 वर्षं गेली आणि ब वर एकच. आतून मात्र दोन्ही तोंडांची घड्याळं जुळलेली असतात, त्यामुळे ब मधून शिरणारा अ मधून 9 वर्षं आधी बाहेर पडतो. यंत्र तयार होण्यापूर्वीच्या काळात जाता येत नाही, ही अट कथांमध्ये सर्रास विसरली जाते.

भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ पोल्चिन्स्की यांनी लगेच शंका काढली : बिलियर्डचा चेंडू यातून मागे येऊन स्वतःलाच धडकला आणि आत जाऊच शकला नाही, तर? 1991 मध्ये एचेवेरिया, क्लिंकहॅमर आणि थॉर्न यांनी दाखवलं की ओझरती धडक बसून चेंडू नेमका तसाच परत येईल अशी सुसंगत उत्तरं मिळतात. पण ती एक-दोन नसून अगणित निघाली. मग निसर्ग कुठलं निवडणार? हॉकिंग यांनी 1992 मध्ये असं अनुमान मांडलं की अशी यंत्रं भौतिकीचे नियम बनूच देत नाहीत.

त्याच 1991 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड डॉइच यांनी कालप्रवास आणि समांतर विश्वं ही दोन्ही घरं जोडली. त्यांची अट एवढीच की यंत्रात शिरणारी पुंजस्थिती, म्हणजे सगळ्या शक्यतांची मिळून असलेली अवस्था, आणि बाहेर येणारी स्थिती एकच असावी. 'हो-नाही' उलटवणाऱ्या पेचाला साध्या तर्कात उत्तर नाही. इथं आहे : निम्मं हो, निम्मं नाही. एका फांदीत नातू जन्मतो आणि निघून जातो, दुसरीत तो उगवतो आणि गोळी झाडतो. ज्याला गोळी लागते तो त्याचा आजोबा नव्हेच. माझ्या मते हे सर्वांत स्वच्छ उत्तर आहे, पण त्याची किंमत मोठी आहे : प्रवाशाच्या स्वतःच्या इतिहासातलं काहीच बदलत नाही.

मराठीत ही आडवी वाट जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचं पानिपत'मध्ये घेतली. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या विश्वात कानाजवळून निघून जाते आणि मराठे जिंकतात. आधाराला त्यांनी पुंजवादाबरोबर कॅटस्ट्रॉफी सिद्धान्तही (लहानशा बदलातून अचानक मोठी उलथापालथ कशी होते ते सांगणारं गणित) घेतला, कारण अणूपुरती राहणारी अनिश्चितता अख्ख्या लढाईपर्यंत पोचवायला तिळाएवढ्या फरकानं पारडं फिरेल असा क्षण लागतो. गंगाधरपंत काळात मागे जातच नाहीत, म्हणून आजोबांचा पेच त्यांना शिवत नाही. नारळीकरांनी कल्पनेची सूट घेतली ती फांद्यांतल्या ये-जा पुरती : गंगाधरपंत तिकडं जाऊन येतात आणि तिकडच्या बखरीचं एक पानही इकडे घेऊन येतात.