कागदी साच्यावरील ठिगळकाम (सोलापूर)

कागदी साच्यावरील ठिगळकाम : ठरावीक मापाच्या कागदावर कापडाचा तुकडा दुमडून, असे तुकडे काठाला काठ लावून शिवण्याची व शेवटी कागद काढून घेण्याची पद्धत. शिकणाऱ्यांत ती 'पेपर पीसिंग' याच नावाने ओळखली जाते.

सोलापूर परिसरातल्या गोधडीत मुळात कागद नसतो. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर अंथरून त्यांवर ठिगळे मांडतात आणि कडेपासून धावदोरा घालत चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे येतात. ठिगळ थोडे तिरके बसले तरी बिघडत नाही, कारण खालचा थर त्याला धरून असतो. कागदी पद्धतीत असा थर नसतो. तुकड्याला शेजारचा तुकडाच धरतो, म्हणून प्रत्येक कड नेमकी लागते आणि तिचा नेमकेपणा कागद सांभाळतो. हा फरक ध्यानात न घेता गोधडीच्याच हाताने षटकोन जोडायला घेतले की चौथ्या-पाचव्या ओळीत कापड फुगते.

नावे : चार भाषांच्या या शहरात वस्तू एक आणि नावे अनेक आहेत : मराठीत गोधडी किंवा वाकळ, कन्नडात कौदी, तेलुगूत बोंत, दखनीत गुदडी. मोल्सवर्थच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशात गोधडी व वाकळ हे दोन्ही शब्द येतात. गोधडी, गुजराती गोदडी व हिंदी गुदडी हे एकाच कुळातले दिसतात. 'वाकळ' संस्कृत 'वल्कला'पासून, प्राकृत 'वक्कल' मार्गे आली असावी. ध्वनींची वाट सरळ आहे, मात्र झाडाच्या सालीपासून चिंध्यांच्या पांघरुणापर्यंतची अर्थाची उडी मोठी आहे. तरीही 'अंगावर घ्यायचे जाडेभरडे आवरण' हा दुवा धरला, तर ही व्युत्पत्ती ग्राह्य वाटते.

उगम : हाताने करायच्या प्रकाराला 'इंग्लिश' हे विशेषण लावतात. ते पुराव्याच्या ठिकाणावरून आले असावे; शोध तिथेच लागला असे त्यावरून ठरत नाही. ब्रिटनमधले, सन घातलेले सर्वांत जुने ज्ञात ठिगळकाम म्हणजे १७१८ चे रेशमी पांघरूण. ते कागदी साच्यांवर शिवले आहे. त्यातले काम इतके सराईत आहे की पद्धत तेव्हा नवी नसावी, असे मत अधिक पटते. १८११ च्या एका पत्रात इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन बहिणीला ठिगळकामासाठी तुकडे जमवण्याची आठवण करते. त्या घरातले कागदावर शिवलेले पांघरूण इंग्लंडमधल्या चॉटन येथे जपलेले आहे. अमेरिकेत १८३५ मध्ये 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने षटकोनी नमुना छापला, आणि १९३० च्या दशकात फुलांच्या वाफ्यासारखी षटकोनी मांडणी तिथे घरोघरी पोचली.

कालनिश्चितीत कागदाला फार महत्त्व आहे. अर्धवट राहिलेल्या कामाच्या पाठीमागे जुनी पत्रे, हिशेबाच्या वह्या, वर्तमानपत्रे यांचे कापलेले तुकडे सापडतात. मात्र कागदावरची तारीख फक्त सर्वांत आधीची मर्यादा देते : पांघरूण त्याआधीचे नाही, एवढेच. रद्दी वीस वर्षे घरात पडून राहू शकते. शिवाय कापड कागदाहूनही जुने असू शकते.

हाताची रीत : सर्व कागद एकाच साच्यावरून कापावेत. प्रत्येक बाजू अर्धा मिलिमीटर बाहेर गेली, तर वीस षटकोनांच्या ओळीत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. कागद जाडसर हवा; लग्नपत्रिकेचा कागद या कामाला चांगला, वर्तमानपत्राचा काठ मात्र दुमडताना दबतो. एक इंच बाजूच्या षटकोनाला अडीच इंची चौरस तुकडा पुरतो. कागद मधोमध ठेवून एक कड दुमडावी, मग शेजारची, सगळीकडे एकाच दिशेने. प्रत्येक कोपऱ्यावर कापडाच्या घडीतून कच्चा टाका घ्यावा. तुकडा लहान असेल तर टाका कागदातून नेऊ नये. पुढे कागद अलगद निघतो.

जोडताना दोन तुकडे सुलट बाजू आत करून धरावेत आणि काठावरून बारीक तिरपे टाके घ्यावेत, इंचाला १२ ते १६. सुईने घडीचे दोन-तीन धागेच उचलायचे. कागद टोचला गेला की सुईचा आवाज बदलतो, करकर ऐकू येते; तेव्हा टाका उसवून पुन्हा घ्यावा. एखाद्या तुकड्याच्या सर्व बाजू जोडल्या गेल्यावरच त्याचा कागद काढावा. कडेच्या ओळीचे कागद अखेरपर्यंत राहतात, नाहीतर तिरक्या धाग्यावरची कड ताणली जाते.

मशीनची रीत : इथे कागद आत न राहता पाया होतो. कागदावर छापलेल्या रेघेवर टीप मारायची, तुकडा उलटायचा, पाव इंच सोडून जास्तीचे कापड छाटायचे, पुढचा तुकडा लावायचा. कापड कागदाच्या मागच्या बाजूला असल्याने नमुना आरशातल्यासारखा उलटा उमटतो. १४ नंबरची सुई व दीड मिलिमीटरचा टाका ठेवल्यास कागदाला जवळजवळ भोके पडतात आणि तो सहज फाटून निघतो.

सोलापूरचे कापड : सुती कापड उत्तम. जुन्या इरकली लुगड्याचे मऊ अंग घडीत छान बसते. पदर मात्र घसरतो, त्याला आधी खळ द्यावी. खणाच्या विणीतच नक्षी असते. पुठ्ठ्यात षटकोनी खिडकी कापून ती खणावर सरकवत नेली की बुट्टा नेमका मध्यावर आणता येतो. खण कडेला लवकर उसवतो, म्हणून पाव इंचाऐवजी तीन अष्टमांश इंच कापड सोडावे.

भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर साच्यावर दुमडायला चालत नाही. जाड विणीमुळे तिची घडी धारदार पडत नाही. टॉवेलचेही तेच. चादरीची नक्षी मात्र कागदाचीच देणगी आहे : चौकटीच्या कागदावर आकृती रेखाटतात, तिच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोके पाडतात आणि ती कार्डे जॅक्वार्ड मागावर तान्याचे कोणते धागे उचलायचे ते ठरवतात. झिजलेली चादर ठिगळकामाच्या पोटात घालायला उत्तम. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीपुढे जातो, त्यामुळे कापसाऐवजी असा एकच थर पुरतो. त्यावर वरचा धावदोरा घालण्यापूर्वी सगळे कागद निघाल्याची उजेडासमोर धरून खात्री करावी. राहिलेला कागद पहिल्या धुण्यात लगदा होऊन आत गोळा बनतो.