तिथी नसेल तेव्हा शूटिंग : कोल्हापुरातल्या पोरांच्या वेब सिरीजची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कॉलेजची चार पोरं वेब सिरीज करायला निघाली की पहिला प्रश्न कथेचा नसतो, कॅमेरा कुणाचा हा असतो. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं, लग्नाचं शूटिंग करणारा कुणीतरी ओळखीचा भाऊ. म्हणजे त्याला लग्नाची तिथी नसेल तेव्हा आपलं शूटिंग. आम्ही सिरीजच्या तारखा पंचांग बघून काढल्या होत्या, मुहूर्त साधायला नाही, चुकवायला.

कॅमेऱ्याची ही अडचण आजची नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या बाजूनं रोज गाडी मारत जातो पण थांबून बघणारा लाखात एक. तो बाबूराव पेंटरांच्या कॅमेऱ्यासाठी आहे. बाबूराव मूळचे मेस्त्री, वडील सुतारकाम-लोहारकामातले, आणि बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटकाचे पडदे रंगवायचे म्हणून आडनावच पेंटर पडलं. दोघांना सिनेमाचं वेड लागलं, कॅमेरा आपणच करायचा असं ठरलं, पण १९१६ साली आनंदराव गेले. मग विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन बाबूरावांनी १९१८ ला कॅमेरा पुरा केला. जरा विचार करा राव, पडदे रंगवणारा माणूस आणि घरातली मेस्त्रीकामाची अवजारं, एवढ्यावर! बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना त्याच्या आधीच, १९१७ ला झालेली. कंपनी आधी, कॅमेरा नंतर, हे वाचून मला लय बरं वाटलं कारण आमचंपण आधी चॅनेल निघालं, लोगो झाला, कॅमेऱ्याचं मग बघू.

पैशाला हातभार लावणाऱ्यांत तानीबाई कागलकर होत्या, गाणाऱ्या. १९२० ला कंपनीचा 'सैरंध्री' सिनेमा आला, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली, तेही त्या काळात जेव्हा नाटक-सिनेमात बहुतेक पुरुषच साडी नेसून उभे राहायचे. (आजही सिरीजसाठी मुलगी मिळवणं म्हणजे आधी तिच्या घरी जाऊन चहा पिणं, सातच्या आत सोडतो असं तिच्या आईला सांगणं, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल.) भीम कीचकाला मारतो तो सीन इतका खरा वाटला की सेन्सॉरनं कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी मात्र बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

त्याच कंपनीत पडेल ते काम करत एक कोल्हापूरचा पोरगा शिकला, व्ही. शांताराम. १९२९ ला तो, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी अशा पाच जणांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. हा हिशेब आमच्या ग्रुपवर सारखा निघायचा, चौघं काम करणारे आणि कुलकर्णी पैशाचं बघणारे. आमच्याकडं चौघं होते, कुलकर्णी नव्हते. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', मराठीतला पहिला बोलपट, प्रभातनं कोल्हापुरातच केला आणि १९३३ ला कंपनी पुण्याला गेली. पुढं पुण्यातल्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणजे कंपनी निघाली आमच्यात आणि सिनेमा शिकायचा तर आमच्या पोरांनी एंट्रन्स देऊन तिकडं जायचं. मागं जयप्रभा, शालिनी हे स्टुडिओ राहिले, दिग्दर्शक भालजी पेंढारकर राहिले, नंतर मोरेवाडीला शूटिंगसाठी चित्रनगरी झाली. पण फिल्मच्या काळात विद्यार्थ्यानं काही करायचं म्हणजे अवघडच, ३५ एमएमचं हजार फुटाचं रीळ जेमतेम ११ मिनिटं चालतं, रीळ विकत घ्या, धुवायला मुंबईला पाठवा, कोण घालणार एवढे पैसे.

मधल्या काळात कॅमेरा गल्लीत आला तो लग्नामुळं. आधी व्हीएचएस, मग मिनी डीव्हीची तासाची कॅसेट, आणि शूटिंगवाल्याच्या दुकानात मागच्या खोलीत एडिटिंगचा कॉम्प्युटर. सिनेमाच्या इतिहासात ह्यांचं नाव कुणी घेत नाही, पण माझ्या मते खरा दुवा हाच. २००८ ला कॅननचा फाईव्ह डी मार्क टू आला, फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ, लग्नवाले टप्प्याटप्प्यानं डीएसएलआरवर गेले आणि त्यांच्या ५० एमएमच्या लेन्सवर पोरांना मागचं धूसर दिसायला लागलं, झालं, सगळ्यांना सिनेमा सुचायला लागला. गंमत म्हणजे तो कॅमेरापण एका दमात १२ मिनिटांच्या आसपासच रेकॉर्ड करायचा.

दाखवायचं कुठं हा प्रश्न मग सुटला. २०१४ ला यूट्यूबवर टीव्हीएफ ह्या हिंदी चॅनेलची 'पर्मनंट रूममेट्स' आली आणि वेब सिरीज हा शब्द हॉस्टेलवर पोचला. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्याआधी एक जीबी महिनाभर पुरवायचो आम्ही. त्याच वर्षी भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनेल सुरू झालं, पण ते पुण्या-मुंबईचं बोलणं. आमच्यासाठी खरी गोष्ट होती सातारा भागातली 'गावाकडच्या गोष्टी' ही वेब सिरीज. आपल्या बोलीत, आपल्या बांधावर, आणि लोक बघतात! इकडं चित्रनगरीत आणि आसपासच्या गावात टीव्ही मालिका लागल्या, आमच्यातले दोघं तिथं असिस्टंट म्हणून राबले आणि कंटिन्युटी, स्किमर (ऊन मऊ करायला धरतात ते कापड), पॅकअप हे शब्द घेऊन परत आले. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

पैशाचं काय म्हणाल तर २०१८ ला यूट्यूबचा नियम आला, जाहिरातीचे पैसे हवेत तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे. माणशी १० मिनिटं धरली तरी २४ हजार वेळा कुणीतरी बघायला हवं. सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागत नाही, कीचक आता बिनधास्त मारा, पण मागं कुणाचं गाणं वाजलं की कॉपीराइट क्लेम आलाच.

आमची सिरीज २०१९ ची, पाच एपिसोडची. लोकेशन शाहूपुरी कुंभार गल्लीतलं मित्राच्या काकूंचं घर. तीन एपिसोड जुलैपर्यंत झाले आणि ऑगस्टमध्ये पंचगंगेचा पूर गल्लीत शिरला, गणपतीचं काम ऐन भरात असताना, किती घरांतल्या मूर्ती गेल्या. शूटिंगचं बोलायची लाज वाटत होती, काकूच म्हणाल्या या की. गेलो तर भिंतीवर छातीच्या उंचीला पाण्याची रेघ. कथेत पूर नव्हता. रेघ पुसायचं कुणाला सुचलं नाही, लपवायला फ्रेममध्ये जागा नव्हती. हिरो डायलॉग म्हणत भिंतीला टेकला आणि काकू मागनं ओरडल्या, "ओल हाय रं अजून, कापडं खराब हुतील!" माईक चालू होता. तो टेक ठेवला, चौथ्या एपिसोडमध्ये आहे.

पाचवा राहिला. तुळशीची लग्नं झाली, तिथ्या लागल्या आणि कॅमेरा परत गेला.