युरिया आधी की पाणी आधी?

गव्हाला पहिलं पाणी द्यायची वेळ आली, म्हणजे पेरणीनंतर १८ ते २१ दिवस, मुकुटमुळं फुटतात तेव्हा, की बांधावर दरवर्षी तोच वाद: युरिया पाण्याआधी की नंतर? बरेच जण म्हणतात काय फरक पडतो, शेवटी जमिनीतच जाणार. पण सगळा नाही ना जात! थोडा हवेत उडतो, आणि तो का उडतो हे मला जाम भारी वाटतं.

युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण गहू ते घेतो मुख्यतः अमोनियम नाहीतर नायट्रेट म्हणून. मातीत जीवाणूंनी सोडलेलं युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरिया फोडतं. मुतारीत डोळे झोंबतात ना, ती हीच रिअ‍ॅक्शन. फुटताना अमोनियम कार्बोनेट बनतं, दाण्याभोवतीचा सामू (पीएच) चढतो, पार ९ च्या आसपास, आणि ९.२५ ला (तापमान २५ अंश धरा) अमोनियम नि अमोनिया निम्मे निम्मे. अमोनियमवर धन भार, त्यामुळे ते चिकणमातीच्या ऋण भाराला चिकटून बसतं; अमोनिया पडला वायू, वरच सुटला की गेला. आपली चुनखडीची काळी जमीन आधीच विम्ल (सामू ७ च्या वर), म्हणजे त्याला आयतंच रान मोकळं.

आता गंमत बघा, न फुटलेल्या युरियावर भारच नसतो, त्यामुळे तो पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. म्हणून भारी जमिनीत आधी फोकायचा आणि लगेच पाणी सोडायचं, मग तो काही सेंटिमीटर खाली जाऊन फुटतो आणि अमोनिया वर येता येता माती त्याला पकडते. ओल्या रानावर फोकला तर वरच विरघळतो, वरच फुटतो. वाळूसर जमिनीत मात्र उलटं, तिथे पाणी युरियाला मुळांच्याही खाली नेतं, म्हणून तिथे पाण्यानंतर.

"नीम कोटेड आहे, कसाही टाका" हेही ऐकतो. २०१५ पासून जवळजवळ सगळा युरिया नीम कोटेडच येतो, पण कडुनिंब अडवतो पुढची पायरी, अमोनियमचं नायट्रेट होण्याची. उडणाऱ्या अमोनियाला तो काही करत नाही. आणि नॅनो युरियाची (पानांवर फवारायच्या पातळ युरियाची) बाटली म्हणजे एक गोणी, या जाहिरातीचं गणित स्वतःच करा: सुरुवातीच्या ५०० मिलीच्या बाटलीत ४ टक्के म्हणजे २० ग्रॅम नत्र, ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर.

लाइट रात्रीची असेल तर युरिया पाणी सोडायच्या अगदी आधी फोका, आदल्या सकाळी फोकून ठेवू नका. नुसत्या दवानेही तो विरघळायला लागतो.