झाडासाठी वळलेला रस्ता

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या क्लेअर काउंटीत 1999 साली नव्या हमरस्त्याचं घोडं एका झाडापाशी अडलं. लाटून नावाच्या ठिकाणच्या शेतातलं ते एकटं काटेरी व्हाइटथॉर्न. लोककथा सांगणारे एडी लेनिहान यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहून बजावलं, की कॉनॉट प्रांतातल्या पऱ्यांशी लढायला निघालेल्या मन्स्टर प्रांतातल्या पऱ्या या झाडाखाली जमतात; ते तोडलंत तर रस्त्याला अपघातांचा शाप लागेल. बातमी जगभर गेली. झाड राखूनच रस्ता झाला.

परी म्हटल्यावर आपल्याला पंख आणि छडी आठवते. ते इथे विसरायचं. इथल्या पऱ्या मानी आणि डूख धरणाऱ्या. म्हणून जुनी माणसं त्यांचं थेट नावही घेत नसत, ‘भली मंडळी’ म्हणत.

या मंडळींचं घर म्हणजे शेताशेतांतून दिसणाऱ्या गोल गढ्या. मातीचा बांध, बाहेर खंदक, वर काटेरी झुडपं. देशभरात अशा 40 हजारांहून जास्त आहेत. मुळात ही साधी शेतकऱ्यांची वस्ती, बहुतेक इ.स. 500 ते 1000 या काळातली; आत घर असे आणि रात्री गुरंही बांधत. क्लेअरमधल्या लिसडूनवार्नाच्या नावातलं ‘लिस’ म्हणजे अशीच गढी. माणसं गेली, कुणाची घरं ते विसरलं गेलं, आणि रिकाम्या जागेत पऱ्या राहायला आल्या.

मग नांगर गढीला वळसा घालून जाऊ लागला. फांदी तोडली की गाय दगावते, अशा गोष्टी घरोघरी होत्या. 1937 ते 1939 या काळात लोककथा आयोगाने प्राथमिक शाळांतल्या मुलांना आजीआजोबांकडून अशा गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. नेमून दिलेल्या विषयांत पऱ्यांच्या गढ्याही होत्या. स्मारकं जपण्याचा कायदा 1930 मध्ये आला खरा, पण माझ्या मते त्याआधीची कित्येक शतकं राखण केली ती या भीतीनेच. पुढे बुलडोझर आले, भीती ओसरली आणि अनेक गढ्या सपाट झाल्या.

लाटूनचं झाडही सुटलं नाही. 2002 मध्ये कुणीतरी यांत्रिक करवतीने त्याच्या सगळ्या फांद्या उतरवल्या. नुसतं खोड उरलं होतं. त्याला पुन्हा पालवी फुटली.